सव्वादोनची बांगडी

कासारमावशी बांगडीचा रंग कधी आधी विचारत नसत. बाई समोर बसली की तिचा हात हातात घेत, मुठीत धरून हलकेच दाबत, आणि मग मनगटाच्या जरा वर उजवा अंगठा रोवून गप्प बसत. तोंडातल्या तोंडात पाचपर्यंत मोजत. अंगठा उचलला की त्या जागेकडे बघत आणि मगच म्हणत, "हां, बोल. हिरव्या का लाल?" नव्या गिऱ्हाइकाला वाटे, माप घेताहेत. पनवेलच्या जुन्या बायकांना ठाऊक होतं की माप त्यांना हात धरल्याबरोबरच कळलेलं असतं. अंगठ्याचं काम वेगळं होतं.

आमच्या आळीच्या टोकाला, पिठाच्या गिरणीला लागून त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक ओटा, काचेचं कपाट आणि दोऱ्यात ओवून टांगलेल्या बांगड्या. गिरणीचं पीठ उडून बांगड्यांवर बसायचं, म्हणून मावशींच्या हाताशी कायम एक ओलं फडकं असे. मंगळवारी दुकान बंद. त्या दिवशी लाकडी पेटी घेऊन त्या नेऱ्याच्या बाजूच्या गावांत आणि डोंगराखालच्या वाड्यांवर जात. माहेर चिरनेरकडचं, मिठागरांच्या बाजूचं. तीस वर्षं पनवेलात काढूनही बोलण्यातलं हाय-नाय त्यांनी सोडलं नव्हतं. साऱ्या गावाच्या बायकांचे हात भरणाऱ्या मावशींचं स्वतःचं मनगट मात्र रिकामं होतं. त्यावर फक्त एक काळा दोरा असे.

अंगठ्याची विद्या त्यांना नवऱ्याच्या आजारपणात मिळाली. नवऱ्याचं हृदय थकलं होतं. संध्याकाळ झाली की दोन्ही पाय घोट्यापासून वर सुजत, आडवं झालं की दम लागे, उशांना टेकून बसावं लागे. त्यांच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी मावशींना शिकवलं होतं, रोज नडगीच्या हाडावर अंगठा दाबायचा, पाच आकडे मोजायचे, आणि खड्डा किती खोल राहतो ते मला येऊन सांगायचं. त्यावरून ते लघवीची गोळी कमी-जास्त करत. "सहा वर्षं रोज दाबला," मावशी सांगत. "सातव्या वर्षी मालक गेले. अंगठा ऱ्हायला."

आणि तो अंगठा त्यांना स्वस्थ बसू देत नसे. वीटभट्टीवर किंवा मिठागरात काम करणाऱ्या बायकांचे हात-पाय सुजलेले असत. मावशी म्हणत, "ही राबण्याची हाय. रात्री उशी घे पायाखाली, सकाळी उतरते का बघ. नाय उतरली तर मला सांग." एका बाईचा एकच पाय जाडजूड झाला होता, कातडी दगडासारखी, अंगठा दाबून खड्डाच पडत नव्हता. लाजेनं ती पाय लुगड्याखाली लपवायची. मावशींनी दुकानातल्या फडक्यानं तो पाय पुसला आणि म्हणाल्या, "डासानं दिलेलं दुखणं हाय, त्यात तुझी काय लाज? रोज साबणानं धू, कोरडा कर, बोटांत चीर पडू देऊ नको. आन् सरकारी दवाखान्यात जा." गुडघेदुखीच्या गोळ्या महिनोन्‌महिने मनानं घेणाऱ्या एका आजींना त्यांनी सकाळी सकाळी दुकानात बोलावलं आणि डोळ्यांखालच्या पिशव्या बघून सांगितलं, "संध्याकाळची सूज पायात बघायची, सकाळची तोंडावर. तुमची तोंडावर हाय. लघवी तपासा, आन् त्या गोळ्या गटारात टाका, किडनी खातात त्या." आजी रागावून गेल्या. महिन्यानं परत आल्या त्या लाडू घेऊन.

आमच्या आळीत एक शिक्षिका होत्या. त्यांचा एक स्तन शस्त्रक्रियेत काढला होता, आणि त्यानंतर त्या बाजूचा हात कायमचा फुगला होता. दुसऱ्या दुकानांत त्या हाताला बांगडी लागत नाही म्हणून चर्चा व्हायची. मावशी काही न विचारता एका हाताला सव्वादोनच्या मापाच्या आणि दुसऱ्याला अडीचच्या, त्याही सैल, अशा एकाच रंगाच्या बांगड्या जुळवून ठेवत. एकदा बाईंनीच विचारलं, "मावशी, हे पाणी येतं कुठून?" मावशी म्हणाल्या, "येतं सगळ्यांनाच, बाई. जायची वाट डॉक्टरांनी काखेतून काढली ना तुमची. पळस्प्याच्या फाट्यावर एक ट्रक आडवा झाला की मागं कशी रांग लागते, तसं हाय हे." बाई हसल्या. त्या विषयावर हसताना त्यांना मी पहिल्यांदाच पाहिलं असं माझ्या आईनं घरी येऊन सांगितलं होतं.

एका मंगळवारी तर त्या वाडीवरून एका पोराला आणि त्याच्या आईला बरोबरच घेऊन आल्या. पोराचे पाय गुबगुबीत, गाल वर आलेले, आणि केस मात्र तांबूस, विरळ. गिरणीवाला म्हणाला, "चांगलं बाळसं धरलंय की." मावशी त्याच्यावर उखडल्या. "बाळसं नाय हे. भूक हाय. डाळ नाय, अंडं नाय, नुसत्या पेजेवर वाढलेलं पोर हाय, म्हणून पाणी भरलंय." आणि त्याला दवाखान्यात घेऊन गेल्या. मी तिथंच दळणाचा डबा घेऊन उभा होतो. ते शब्द मी स्वतःच्या कानांनी ऐकले होते. पुढं जे झालं त्यात मला अज्ञानाची सबब सांगता येत नाही ती म्हणूनच.

मी तेव्हा तळोज्याच्या एका कारखान्यात वजनकाट्यावर होतो. भरलेला ट्रक काट्यावर घ्यायचा, रिकामा झाला की परत घ्यायचा, वजाबाकी लिहायची. कोळशाचे ट्रकवाले वाटेत मालावर पाणी मारत, म्हणजे वजन वाढे. मी ट्रकवर चढून कोळशात हात खुपसायचो आणि ओला लागला तर गाडी परत पाठवायचो. "पाण्याचं वजन मी धरत नाही," हे माझं वाक्य ड्रायव्हर लोक माझ्या नकला करत म्हणून दाखवत. मला त्याचा अभिमान होता.

नव्वदच्या आसपास माझी बायको, सुमन, पहिलटकरीण होती. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच करायचं ठरलं होतं. नववा महिना लागला आणि तिची तब्येत एकाएकी भरली. चेहरा गोल झाला, हात गुबगुबीत झाले. एस.टी. स्टँडवर वजनाचं यंत्र होतं, त्यातून वजन छापलेलं पुठ्ठ्याचं तिकीट यायचं आणि मागं भविष्य असायचं. मी सुमनला लागोपाठ दोन रविवार तिथं नेलं. एका आठवड्यात दोन किलोंनी वजन वाढलं होतं. दुसऱ्या तिकिटामागं "लवकरच आनंदाची वार्ता" असं छापलेलं. ती दोन्ही तिकिटं मी खिशात घालून कारखान्यात मिरवली. आयुष्यभर ओल्या मालाला हात लावून बघणाऱ्या माणसानं बायकोचा हात एकदा दाबून बघितला नाही.

त्याच आठवड्यात आईनं डोहाळजेवण ठेवलं. हिरव्या चुड्यासाठी कासारमावशींना घरी बोलावलं. सुमनच्या हातात आधीच्या लाल बांगड्या होत्या, लग्नानंतर मावशींनीच भरलेल्या, सव्वादोनच्या. त्या आता मनगटात रुतून बसल्या होत्या. मावशींनी नेहमीसारखा हात धरला, अंगठा रोवला, पाच मोजले. मग पुन्हा मोजले. मग सुमनचा पाय मांडीवर घेऊन नडगी दाबली. आणि तिच्या तोंडाकडे निरखून बघत विचारलं, "डोकं दुखतं का गं? डोळ्यांपुढं काजवे चमकतात?"

सुमननं आईकडे बघितलं. "थोडंसं," ती म्हणाली.

"ह्या बांगड्या वाढवायला पायजेत," मावशी म्हणाल्या. "हिरवा चुडा आज नको. आदी दवाखान्यात नेऊन दाब बघा."

बांगडी फुटली असं आमच्यात म्हणत नाहीत, वाढली म्हणतात, इतकं ते अशुभ. आणि इथं ओटीभरणाच्या पाटावर बसलेल्या बाईच्या बांगड्या काढायची भाषा चालली होती. आई म्हणाली, "अहो कासारीणबाई, गरोदरपणी सूज कुणाला येत नाही? मला दोन्ही वेळा आली होती."

"पायाला येते, वैनी. दिवसभर चालून संध्याकाळी येते, तिचं मी काय बोलत नाय. ही हाताला हाय, तोंडाला हाय, सकाळच्या पारी हाय. ही ती नव्हं."

मी बाहेर बसलो होतो, आईनं मला हाक मारली. आत येऊन मी त्या भरल्या घरात, वीस बायकांसमोर म्हणालो, "मावशी, तुम्हाला बांगड्या भरायला बोलावलंय, तपासायला नाही."

मावशींनी पेटी बंद केली. उठताना एवढंच म्हणाल्या, "बरं, वसंता. दाब तेवढा बघ. आजच बघ." आईनं दुसरीकडून कासार बोलावून अडीचच्या हिरव्या बांगड्या लाल बांगड्यांच्या पुढं भरवून घेतल्या. दवाखान्याची तारीख दहा दिवसांनी होती. मी म्हटलं, तेव्हा जाऊच की.

तीन दिवसांनी भर दुपारी मावशी माझ्या वजनकाट्याच्या खिडकीपाशी उभ्या. फाटकापासून उन्हात चालत आल्या होत्या. पदरानं तोंड पुसत त्यांनी विचारलं, "दाब बघितला?"

मागं दोन ट्रक खोळंबले होते. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून बघत होता. मी म्हणालो, "बघितला. ठीक आहे."

मावशींचा चेहरा उजळला. "बरं झालं रे बाबा," त्या म्हणाल्या. "तीन दिवस जेवण गोड लागत नव्हतं. माझी चूक झाली आसंल. चुकली तर बरीच झाली." आणि पाण्याचा घोटही न घेता परत गेल्या. मी ट्रक काट्यावर घेतला आणि वजन लिहिलं. एकच माणूस माझ्या बायकोसाठी पुन्हा पुन्हा दार वाजवत राहिला असता. त्याला मी दोन शब्दांत घरी पाठवून दिलं होतं.

दोन दिवसांनी सकाळी सुमनचं डोकं फार दुखू लागलं. आईनं पित्त म्हणून धन्याचं पाणी दिलं. मी कामावर गेलो. दुपारी तिची बोटं निळसर पडली, लाल बांगड्यांच्या वर मांस फुगून आलं, म्हणून ती एकटीच भिंतीचा आधार घेत आळीच्या टोकाला मावशींच्या दुकानात गेली. मावशींनी तिच्या हातावर ओलं फडकं टाकून सगळ्या बांगड्या वाढवल्या, लाल नि हिरव्या. दुकान उघडंच गिरणीवाल्याच्या भरवशावर टाकून तिला रिक्षात घातलं आणि इस्पितळात नेलं. गिरणीवाल्यानं कारखान्यात फोन केला.

मी पोचलो तेव्हा डॉक्टरीणबाई वऱ्हांड्यात आल्या. रक्तदाब एकशे ऐंशीवर एकशे वीस होता, लघवीतून प्रथिनं जात होती. "झटके येऊ शकतात. मूल आजच बाहेर काढावं लागेल," त्या म्हणाल्या. "सूज कधीपासून आहे?"

बाकावर मावशी बसल्या होत्या. त्यांच्या पदराच्या गाठीत काचा वाजत होत्या. सुमनच्या बांगड्यांचे तुकडे त्यांनी रस्त्यावर टाकले नव्हते.

"पाच दिस तरी झाले, बाई," त्या म्हणाल्या. "मी बघितली व्हती."

"मग आणलं का नाही?"

मावशींनी माझ्याकडे बघितलं. "ऱ्हायलं," त्या म्हणाल्या. "घरात कार्य व्हतं." डॉक्टरीणबाई आत गेल्या.

मग आई आली. धापा टाकत, रडत. मावशींच्या पदरातल्या काचा बघून ती म्हणाली, "हिनं भरल्या ओटीच्या पोरीच्या बांगड्या वाढवल्या. स्वतःचं मनगट मोकळं, आता माझ्या सुनेचं." मान खाली घालून मावशींनी पदराची गाठ घट्ट केली. त्या दिवशी माझ्या हातून एकच धड गोष्ट झाली असेल तर ती त्यानंतरची. मी म्हणालो, "आई, त्यांनी सांगितलं होतं. त्या कारखान्यात आल्या होत्या विचारायला. मी दाब बघितला म्हणून खोटं बोललो."

मावशींनी आईला दंडाला धरून बाकावर बसवलं, खाली वाकून तिच्या पायावर अंगठा रोवला आणि पाच मोजले. "केवढे सुजलेत बघा चालून," त्या म्हणाल्या. "ह्याला काय नाय व्हत, वैनी. ही धावपळीची हाय. पाय वर घेऊन बसा." आणि माझी आई, जी कुणाचं ऐकत नसे, इस्पितळाच्या बाकावर मुकाट्यानं पाय वर घेऊन बसली.

दिवे लागायच्या सुमाराला परिचारिका बाहेर आली. मुलगी झाली होती, वजनानं दोन किलोला थोडी कमी. सुमनला झटका आला नव्हता. दाब हळूहळू उतरेल, म्हणाली. मी तिथंच जमिनीवर बसलो. मावशी म्हणाल्या, "आता ह्याचे पाय कोण बघतंय?" त्यावर आई हसली आणि मग पुन्हा रडली.

पुढचे दहा दिवस मावशी रोज इस्पितळात येत. पदरात एकच बांगडी असे, सव्वादोनची, हिरवी. सुमनचा हात मुठीत गोळा करून ती चढवून बघत. पहिल्या दिवशी ती बोटांच्या पेरांवरच अडली. "घाई नाय," म्हणत त्यांनी ती परत पदरात टाकली. चौथ्या दिवशी अंगठ्याच्या सांध्यावर अडली. सुमनला लघवी भरपूर होत होती, दाब खाली येत होता, चेहऱ्याचं हाड दिसायला लागलं होतं. दहाव्या दिवशी मावशींनी हात धरला, अंगठा दाबला, पाच मोजले, आणि बांगडी अशी सरकली की जणू हात तेलात बुडवला होता. कोपराकडे घसरलेली ती बांगडी बघून खाटेवरच्या सुमनला हसू फुटलं. मी दारात उभा होतो. इतका हलका मी त्याआधी कधी झालो नव्हतो आणि नंतरही नाही.

बारशाच्या दिवशी पूर्ण चुडा मावशींनीच भरला. त्यांच्यासाठी पाट आईनं मांडला.

त्यानंतर आठव्या वर्षी मावशींच्याच पायांना सूज येऊ लागली. सुमनला त्या म्हणाल्या, "आता माझा खड्डा मलाच मोजायला लागतो." मला संध्याकाळी कळलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी मी त्यांना घेऊन दारात उभा होतो. हृदयच होतं, नवऱ्यासारखं. औषधांवर अडीच वर्षं चांगली गेली, दुकानात बसून. मीठ मात्र त्यांना सोडवेना. चिरनेरच्या मुलीला अळणी कसं खायला सांगता, म्हणत. मी दर शनिवारी दुकानात डोकावून विचारायचो, "मावशी, दाब बघितला?"

"बघितला," त्या म्हणायच्या, माझ्याकडे डोळे रोखून. "ठीक हाय." आणि गिरणीवाल्याकडे बघून हसायच्या. त्याला कशाचं हसू आहे ते कळायचं नाही. मला कळायचं, आणि मी तिथंच उभा राहून ते ऐकून घ्यायचो. पुढं पुढं तर मला ते ऐकायला बरं वाटायला लागलं.

त्या गेल्या त्या झोपेत. बाराव्याहून आम्ही दोघं घरी आलो. मुलगी शाळेत होती, आई शेजारी. सुमन दोरीवरचे कपडे काढून घड्या घालत होती. इस्पितळाच्या वऱ्हांड्यात मी आईला सांगितलं होतं, पण ज्या माणसाला सांगायचं त्याला दहा वर्षांत सांगितलं नव्हतं.

"सुमन," मी म्हणालो, "डोहाळजेवणानंतर मावशी माझ्याकडे कारखान्यात आल्या होत्या. मी त्यांना एक खोटं सांगितलं."

"दाब बघितला म्हणून," ती म्हणाली. घड्या घालायचं तिनं थांबवलं नाही.

तीच पुढं म्हणाली, "दुकानात गेले तेव्हा त्यांनी पहिलं तेच विचारलं. दाब किती होता? मी म्हटलं, कसला दाब? त्यांनी सरळ माझ्या हातावर फडकं टाकलं."

"मग तू कधी बोलली का नाहीस?"

"बोलले की. रिक्षात त्यांच्याकडे तुमच्या नावानं रडत होते, काहीबाही बोलत होते. त्या म्हणाल्या, आदी सूज उतरू दे, मग त्याला काय बोलायचं ते बोल, मी बी येते संगती." सुमन हसली. "सूज उतरली त्या दिवशी तुम्ही दारात उभे होतात. पिळून टाकलेल्या फडक्यासारखे दिसत होतात. म्हटलं, जाऊ दे."

तिनं घड्या बाजूला सारल्या आणि खूण केली. मी खुर्चीवर बसलो, पाय पुढं केला. रोज काट्यावर उभं राहून सुजणारे माझे पाय ती दर आठवड्याला बघत असे, त्या दिवशीही बघितले. नडगीवर अंगठा रोवून तिनं तोंडातल्या तोंडात पाच मोजले. तिच्या मनगटावरच्या बांगड्या खाली घसरून माझ्या घोट्यावर किणकिणल्या.

"आहे का खड्डा?" मी विचारलं.

"थोडासा. उभं राहण्याची आहे," ती म्हणाली. "पाय वर घेऊन बसा. मी चहा टाकते."